पिसाळलेला अ‍ॅक्सल

अमेरिकेच्या युटा राज्यात, तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांमध्ये, मोआब नावाचं लहानसं गाव आहे. १९६७ साली तिथल्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या सुट्टीत जीपवाल्यांसाठी एक सहल काढली. तिचीच पुढे ‘ईस्टर जीप सफारी’ झाली. आता देशभरातून उंच केलेल्या, जाडजूड टायरांच्या गाड्या तिथे येतात. ‘हेल्स रिव्हेंज’सारख्या वाटेवर एक चाक हवेत, दुसरं खडकाच्या खोबणीत आणि चालकाला काचेतून नुसतं आकाश दिसतंय, असे प्रसंग पावलोपावली येतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

पण या गाड्यांचा सगळ्यात भीतिदायक आजार त्या खडकांवर कधीच उठत नाही. तिथे वेग माणसाच्या चालीइतका असतो. तो उठतो मोआबला येताना. इंटरस्टेट ७० सोडून दक्षिणेकडे वळलं की १९१ क्रमांकाच्या हमरस्त्याने सुमारे ५० किलोमीटर अंतर राहतं. सरळ, डांबरी, निर्धोक वाटणारा रस्ता. गाडी ताशी ८०-९० किलोमीटरने चाललेली असते, मागे मुलं बसलेली असतात, आणि पुढचं एक चाक एखाद्या पुलाच्या सांध्यावरून जातं.

एरवी एक ठोका बसून विषय संपला असता. इथे तो संपत नाही. स्टेअरिंग थोडं थरथरतं, मग झटके देऊ लागतं आणि पुढच्या सेकंदाला गाडीचा अख्खा पुढचा भाग डावीउजवीकडे अशा जोराने आपटू लागतो की चाकं उखडून निघताहेत असं वाटावं. स्टेअरिंग धरवत नाही. आरशात काही दिसत नाही. रस्ता पुन्हा सपाट झालेला असतो, सांधा शंभर मीटर मागे पडलेला असतो, तरी थरकाप चालूच. गाडी पार ताशी ४०-५० किलोमीटरवर येते तेव्हा तो एकाएकी थांबतो. खाली उतरून पाहावं तर सगळं जागच्या जागी. चालकाचे हात मात्र बराच वेळ कापत राहतात.

अमेरिकेत याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत नुसतं ‘गाडी वॉबल मारते’ म्हणतात. हा आजार मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या इलाजाच्या नावाखाली जे चालतं त्यामुळे. थरकापाची तक्रार आली की दुकानदार हेलकावे दाबणारा एक जाड स्टेअरिंग डॅम्पर विकतो, तो बसवला की महिना-दोन महिने गाडी शांत राहते, आणि मूळ दोष आत तसाच वाढत राहतो. गाडी उंच करणाऱ्या माणसाला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी गाडीखाली काय असतं ते पाहू. आजच्या बहुतेक मोटारींत पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र टांगलेली असतात. जीप रँग्लरसारख्या गाडीत तसं नाही. तिथे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच भरीव, जड अ‍ॅक्सल जातो आणि त्याच्या पोटात डिफरन्शियल असतं. हा अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून चार कंट्रोल आर्म त्याला चासीशी बांधतात. वजन कॉइल स्प्रिंगवर असतं. कॉइल स्प्रिंग वरखाली होणारा भार पेलते, पण अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नसते. ते काम एकटी एक सळई करते. तिचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. ती ट्रॅक बार. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या मिस्त्रींच्या तोंडी पॅनहार्ड रॉड. अख्खा अ‍ॅक्सल डावीउजवीकडे जाऊ नये ही जबाबदारी या एका सळईवर आणि तिच्या दोन टोकांच्या दोन बोल्टांवर असते.

चाकं वळवण्याची साखळी वेगळी. स्टेअरिंग बॉक्समधून पिटमन आर्म, त्याला ड्रॅग लिंक, ती एका चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाला) जोडलेली, आणि तिथून टाय रॉड दुसऱ्या चाकाच्या नकलला. प्रत्येक सांध्यात एक बॉल जॉइंट नाही तर रबरी बुश. नकल ज्या उभ्या रेषेभोवती फिरते ती रेषा सरळ उभी नसते, वरच्या टोकाला थोडी मागे झुकलेली असते. हा झुकाव म्हणजे कास्टर. त्यामुळे टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा त्या रेषेच्या मागे राहते, चाक ओढलं जातं आणि आपोआप सरळ होऊ पाहतं.

सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर ढकलताना पुढचं एखादं चाक फडफडू लागतं, ते कुणीही पाहिलेलं असेल. हळू ढकललं तर गप्प, वेग वाढला की थडथड. त्या चाकात आणि जीपच्या चाकात तत्त्व एकच आहे. चाक सरळ व्हायला जातं, रबराच्या लवचिकतेमुळे आणि पिनच्या ढिलाईमुळे थोडं पलीकडे जातं, परत येतं, पुन्हा पलीकडे जातं. प्रत्येक फेरीत गाडीच्या पुढे जाण्यातूनच त्याला थोडी ऊर्जा मिळते. घर्षणाने जेवढी ऊर्जा खर्च होते तिच्यापेक्षा मिळणारी जास्त झाली की हेलकावा मोठा होत जातो. म्हणून रस्ता सपाट झाला तरी तो थांबत नाही. खड्ड्याने फक्त ठिणगी टाकलेली असते, जळण गाडीच्या वेगातून येतं.

बॅलन्सिंग बिघडलेल्या चाकाचा कंप आणि हा थरकाप यांतला फरक इथेच आहे. बॅलन्सिंगचा कंप एका ठरावीक वेगाला येतो, वेग बदलला की जातो, आणि तो कधी स्टेअरिंग हातातून हिसकावत नाही. वॉबल एकदा पेटला की सुरू झालेल्या वेगाच्या खूप खाली येईपर्यंत सोडत नाही. पण दोघांचं नातं जवळचं आहे, कारण बॅलन्सिंगचा कंप ही ठिणगीच असते. ३५ इंची टायरचा परीघ जवळजवळ २.८ मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे आठ फेऱ्या घेतो. टायरवर एका बाजूला थोडंसं जादा वजन असेल तर अ‍ॅक्सलला सेकंदाला आठ हलके धक्के बसत राहतात. अ‍ॅक्सलचा स्वतःचा डोलण्याचा ठेका त्याच्या आसपास असला, तर काय होईल हे सांगायला नको.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. फिरणारं चाक हा एक भोवरा असतो. भरीव अ‍ॅक्सलवर एक चाक वर उचललं गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि दोन्ही चाकांच्या फिरण्याचा आस तिरका होतो. फिरत्या भोवऱ्याला तिरका करायला गेलं की तो आडवा वळतो. म्हणजे चाक नुसतं उचललं गेल्यानेच स्टेअरिंगला झटका बसतो. तो झटका चाकाला वळवतो, वळलेलं चाक अ‍ॅक्सलला पुन्हा तिरका करतं. वळणं, डोलणं आणि आडवं सरकणं अशा तीन हालचाली एकमेकींच्या हातात हात घालून चालू लागतात. स्वतंत्र टांगलेल्या चाकांत ही साखळी बरीचशी तुटलेली असते, कारण एका चाकाच्या उचलण्याने दुसरं चाक तिरकं होत नाही.

हे ज्ञान नवं नाही. १९२० च्या दशकात मोटारींना पुढच्या चाकांवरही ब्रेक आले, कमी दाबाचे फुगीर टायर आले, वेग वाढला, आणि त्या काळच्या भरीव अ‍ॅक्सलच्या गाड्यांचे पुढचे भाग थरथरू लागले. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रुलिए यांनी १९२५ मध्ये या ‘शिमी’वर निबंध वाचला. टायर ज्या दिशेला तोंड करतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने जातो त्या दोन दिशांत कोन असतो, ही आजच्या वाहनशास्त्राच्या पायाशी असलेली कल्पना त्याच शोधातून पुढे आली. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये बेकर, फ्रॉम आणि मारून यांनी मोटारींच्या स्टेअरिंगमधल्या कंपांवर ग्रंथ काढला. पुढे विमानांना नाकाखाली चाक आलं आणि धावपट्टीवर तेच चाक फडफडू लागलं. सोव्हिएत गणिती म्स्तिस्लाव केल्डिश यांनी १९४५ मध्ये त्याचं गणित मांडलं. पुढे सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे मोठे सूत्रधार झालेले केल्डिश ते हेच.

मोटारींच्या जगाने यातून वाट काढली ती अ‍ॅक्सलच टाकून देऊन. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेले मॉरिस ऑली यांच्या कामातून जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांत पुढची चाकं स्वतंत्र टांगली. प्रवास मऊ झाला हे खरं, पण त्या बदलामागे शिमीतून सुटण्याची गरजही तितकीच मोठी होती. मला हा तपशील फार बोलका वाटतो. त्या काळच्या उत्तम इंजिनिअरांनी दहा-बारा वर्षं या थरकापाशी झुंज दिली आणि शेवटी ठरवलं की प्रवासी मोटारीत भरीव अ‍ॅक्सल नको. आज कुणी आपल्या गाडीत चार इंचांचं लिफ्ट किट टाकतो तेव्हा तो त्याच जुन्या प्रश्नाला पुन्हा हात घालत असतो. किटच्या खोक्यावर मात्र हे लिहिलेलं नसतं.

मग जीपमध्ये तो अ‍ॅक्सल राहिला कसा? कारण खडकावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, चारही चाकं जमिनीला धरून राहतात. डिफरन्शियल आणि जमीन यांतलं अंतर स्प्रिंग दबली तरी तेवढंच राहतं. तो मजबूत असतो आणि रानात दुरुस्त करता येतो. १९४१ च्या विलिस एमबीमध्ये हेच होतं, फक्त कॉइलऐवजी पाटे होते. पाटे स्वतःच अ‍ॅक्सलला बरंचसं आडवं धरतात, त्यामुळे त्यात ट्रॅक बारची गरज नसे. टायर ६.०० बाय १६ चे, सडपातळ. १९८४ च्या चेरोकीत जीपने पुढे कॉइल आणले, १९९७ च्या रँग्लरमध्ये तेच आले, आणि अ‍ॅक्सलला आडवं धरण्याचं सगळं ओझं त्या एका सळईवर पडलं.

आता लिफ्टकडे येऊ. गाडी उंच करणं म्हणजे अ‍ॅक्सल आणि चासी यांतलं अंतर वाढवणं. लांब स्प्रिंग घाला नाहीतर स्प्रिंगवर स्पेसर ठेवा, काम झालं असं वाटतं. पण ज्या सळया अ‍ॅक्सलला धरून होत्या त्यांची लांबी तेवढीच राहिलेली असते. त्यामुळे त्यांचे सगळे कोन बदलतात.

कंट्रोल आर्म जास्त तिरके होतात आणि अ‍ॅक्सलला थोडा गोल फिरवतात, असा की कास्टर कमी होतो. कारखान्यातून निघताना जेके मालिकेच्या रँग्लरमध्ये कास्टर चार अंशांच्या थोडा वर असतो. तीन इंचांच्या लिफ्टमध्ये त्यातला मोठा वाटा निघून जातो. मग गाडी रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही. उपाय म्हणून लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म घालून अ‍ॅक्सल पुन्हा मागे झुकवता येतो. पण नकल जिथे बसते ते टोक अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्ड केलेलं असतं. अ‍ॅक्सल झुकवला की डिफरन्शियलचं तोंडही खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एक थरकाप घालवायला गेलात तर दुसरी थरथर पदरात. दोन्ही साधायचं तर वेल्ड कापून नकलचं टोक नव्याने फिरवावं लागतं, आणि ते काम घराच्या अंगणात होत नाही. कास्टर वाढवला की सगळं भागलं असंही नाही. तो प्रमाणाबाहेर गेला तर चाक सरळ होण्याची ओढ इतकी जोरकस होते की तेच चाक पलीकडे फेकलं जातं आणि थरकापाला निमंत्रण मिळतं. म्हणूनच इथे अंदाजाने काम चालत नाही, मोजावं लागतं.

ट्रॅक बारचं गणित सोपं आहे. समजा सळई ८० सेंटिमीटर लांब आहे आणि तिच्या दोन टोकांच्या उंचीत १० सेंटिमीटरचा फरक आहे. गाडी तीन इंच उचलली की तो फरक साडेसतरा सेंटिमीटरवर जातो आणि आडवी पोहोच सुमारे १३ मिलिमीटरने कमी होते. म्हणजे अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला १३ मिलिमीटर सरकतो. स्टेअरिंग सरळ धरलं तर गाडी तिरकी जाते. ते लपवायला बरेच जण नुसती ड्रॅग लिंक लांब करून स्टेअरिंग मध्यावर आणतात आणि अ‍ॅक्सल तसाच बाजूला राहू देतात.

ड्रॅग लिंक आणि ट्रॅक बार या दोघी एकमेकींना समांतर असायला हव्यात, हा नियम इंजिनिअरने काही उगाच घातलेला नाही. समांतर असल्या तर चाक वरखाली होताना दोघींची टोकं एकाच कमानीवर फिरतात आणि स्टेअरिंगला ओढ बसत नाही. एकीचा कोन बदलून दुसरीचा तसाच ठेवला की प्रत्येक खड्डा स्टेअरिंग ओढू लागतो. ‘ड्रॉप पिटमन आर्म’ नावाचा स्वस्त भाग घालून लोक नेमकी हीच चूक करतात.

मग टायर येतात. रँग्लरच्या जेके साहाराला कारखान्यातून २५५/७०आर१८ मापाचे, म्हणजे जवळपास ३२ इंची टायर मिळत. त्यांच्या जागी ३७ इंची लावले की त्रिज्या सहा हिश्श्यांतला एक हिस्सा वाढते. पण फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं, आणि वजनही वाढलेलं असतं. भोवरा नुसता मोठा झालेला नसतो, तो हट्टी झालेला असतो. त्यात लोक रुबाबासाठी बाहेर निघणारी रिम लावतात नाहीतर स्पेसर घालतात. मग टायरच्या जमिनीवरच्या जागेचं आणि वळण्याच्या रेषेचं अंतर वाढतं, आणि प्रत्येक धक्क्याला लांब दांड्याचा जोर मिळतो. त्याच बॉल जॉइंटवर, त्याच बुशवर. ते भाग ३२ इंची टायरच्या हिशेबाने बनलेले असतात.

आता त्या बोल्टाची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जेके रँग्लरच्या ट्रॅक बारचा बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा आहे आणि तो १२५ फूट-पौंडाला, म्हणजे सुमारे १७० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. हा जोर साध्या पान्याने, हाताच्या अंदाजाने कळत नाही. लिफ्ट बसवताना बोल्ट काढला, पुन्हा लावला, ‘टाईट झाला’ म्हणून सोडून दिला. तो पूर्ण आवळलेला नसेल तर बुशची लोखंडी नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये घट्ट चेपली जात नाही. घर्षणाने धरून ठेवायचं काम मग बोल्टाच्या देहावर येतं. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला बोल्ट भोकाच्या कडेवर आपटतो. गोल भोक हळूहळू अंडाकृती होतं. एक मिलिमीटरची ढिलाई पुरते. अ‍ॅक्सलला आडवं जायला एक मिलिमीटर मोकळीक मिळाली की वर सांगितलेल्या तीन हालचालींची साखळी जुळायला वेळ लागत नाही. अनेक जण या टप्प्यावर भोक किंचित मोठं करून ९/१६ इंची, म्हणजे १४.३ मिलिमीटरचा बोल्ट घालतात. भोक नुकतंच खराब व्हायला लागलं असेल तर ते चालतं. अंडं मोठं झालं असेल तर ब्रॅकेटवर जाड पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले जातात. गाडी खाली ठेवली की रबरी बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. काही महिन्यांत तो फाटतो. नियम असा की बोल्ट नुसते लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-तीनदा हलवून बसू द्यायची आणि मग शेवटचा जोर द्यायचा. काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क रेंच लावून बघायचा. हा पुन्हा बघण्याचा भाग जवळजवळ कुणीच करत नाही.

थरकापाचा दोष फक्त उंच केलेल्या गाडीचा, असं म्हणून कंपन्यांना मोकळं सोडता येणार नाही. २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे हेन्री वॅक्समन आणि ॲना एशू यांनी जीपच्या थरकापाबद्दल क्रायस्लरकडे जाहीरपणे विचारणा केली. कंपनीचं म्हणणं असं की भरीव अ‍ॅक्सलच्या कुठल्याही गाडीत असा कंप येऊ शकतो आणि बहुधा त्यामागे बाहेरून चुकीच्या पद्धतीने बसवलेले भाग, झिजलेले सांधे किंवा बॅलन्सिंग नसलेले टायर असतात. ते म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. पण २०१८ ला नवी जेएल रँग्लर आली आणि कारखान्यातून जशीच्या तशी निघालेल्या गाड्यांबद्दलही तक्रारी सुरू झाल्या. त्याच वर्षी काही गाड्या ट्रॅक बारच्या ब्रॅकेटच्या सदोष वेल्डिंगमुळे परत बोलावल्या गेल्या. थरकापावर २०१९ मध्ये कंपनीने नवा स्टेअरिंग डॅम्पर बसवून द्यायला सुरुवात केली. न्यायालयात सामूहिक दावा झाला आणि तडजोडीत त्या डॅम्परची हमी आठ वर्षं किंवा ९०,००० मैलांपर्यंत वाढवली गेली. फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकांवरूनही, ज्यांत पुढे असाच अ‍ॅक्सल आणि ट्रॅक बार आहे, अमेरिकेत दावे झाले.

हमी मिळाली ती डॅम्परची. हा डॅम्पर म्हणजे स्टेअरिंगच्या साखळीवर आडवा लावलेला छोटा शॉक अब्सॉर्बर. हेलकाव्याला तो विरोध करतो, त्यातली ऊर्जा खातो. नव्या, घट्ट गाडीत त्याची जागा आहे, ते मान्य. पण ज्या गाडीत ट्रॅक बारचं भोक अंडाकृती झालंय, बॉल जॉइंट हलतोय, तिथे जाड डॅम्पर बसवणं म्हणजे तापावर गोळी देऊन जखम तशीच ठेवणं. डॅम्परच्या जोरावर ढिलाई महिनोन् महिने वाढत राहते. मग एक दिवस डॅम्पर थकतो, आणि तेव्हा उठणारा थरकाप पहिल्यापेक्षा भयंकर असतो. माझं मत स्पष्ट आहे: थरकाप झालेल्या गाडीचा डॅम्पर पहिल्यांदा काढून ठेवावा, त्याच्याशिवाय दोष शोधावा, आणि सगळं घट्ट झाल्यावरच तो परत लावावा. अर्थात डॅम्पर काढलेली गाडी तपासायची ती उभ्या जागी, हमरस्त्यावर नेऊन नाही.

दोष शोधायला यंत्र लागत नाही, दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, चाकांवर उभी. इंजिन चालू, म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा जोर मिळतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. मिस्त्री खाली आडवा होतो आणि वर ओरडतो, “साहेब, थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे. पूर्ण फिरवू नका. थांबू नका, चालू ठेवा.” मग तो प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जातो. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते. ट्रॅक बारच्या टोकाला, बोल्ट आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये, केसाएवढी जरी आडवी हालचाल दिसली तरी “प्ले आलाय” असा निकाल लागतो. बोल्टाभोवती तांबूस भुकटी किंवा घासून चकचकीत झालेलं लोखंड दिसलं तर न हलवताही कळतं. त्यानंतर ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड, स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो ते बोल्ट, कंट्रोल आर्मचे बुश. शेवटी जॅक लावून एकेक चाक वर घ्यायचं. वरखाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, आजूबाजूला धरून ढिलं लागलं तर टाय रॉड. हे सगळं तासाभराचं काम आहे आणि यातलं बहुतेक फुकट होतं. दुकानांत मात्र ते कमी केलं जातं, कारण यात विकायला काही नसतं.

हा सगळा विषय आपल्या दाराशी आलेला आहे. जीप रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाते. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसच्या जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासून महाराष्ट्राच्या डोंगरात, धरणांच्या कामांवर, गावोगावच्या रस्त्यांवर भरीव अ‍ॅक्सलच्या जीप धावल्या. त्यांना पाटे होते आणि वेग बेताचा होता. २०२० ची थार पुढून स्वतंत्र टांगलेली आहे, पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखाही २०२१ पासून तशीच. त्यामुळे थार उंच करणाऱ्याला इतर त्रास होतात, बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे कोन बिघडतात, टायर एका बाजूने झिजतात, पण हा अख्खा अ‍ॅक्सल पिसाळण्याचा प्रकार तिथे सहसा नाही. खरी काळजी वाटते ती जिम्नीची. जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीला पुढे भरीव अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग आणि आडवी सळई, तिन्ही आहेत. कारखान्याचे टायर १९५/८०आर१५, जेमतेम २७ इंची. सह्याद्रीत न्यायच्या हौसेपायी त्यांच्या जागी ३० इंची टायर आणि दोन-तीन इंचांची लिफ्ट बसवली जाते. सुझुकीच्या या घराण्यात, जुन्या जिप्सीपासून, नकलच्या किंगपिन बेअरिंगचा ताण सैल पडणं हे थरकापाचं ओळखीचं कारण आहे. तो ताण शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून-घालून ठरतो आणि स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजावा लागतो. हे करणारे मिस्त्री अजून आहेत, पण कमी होत चाललेत.

कायदाही लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याची कंपनी पहिला प्रश्न लिफ्टबद्दलच विचारेल.

आपल्या रस्त्यांवर ठिणगीला तोटा नाही. पुलांचे सांधे, उड्डाणपुलांच्या तोंडाशी बसलेले उंचवटे, पावसाळ्यानंतरचे खड्डे. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींचा वेग नेमका त्याच पट्ट्यात असतो. तिथे असा थरकाप उठला, तर स्टेअरिंगशी झुंज घेऊ नका. दोन्ही हातांनी घट्ट, पण अंगठे चाकाच्या आत न अडकवता धरा. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक हळू आणि एकसारखा दाबा, धोक्याचे दिवे लावून कडेला या. जोरात ब्रेक मारला तर पुढच्या चाकांवर भार येतो आणि हेलकावा वाढू शकतो.

गाडी उंच करायची हौस मी समजू शकतो. घाटातल्या ओढ्यातून, खडकावरून स्वतःच्या गाडीने जाण्यातला आनंद खरा आहे. पण ज्यांच्या गाडीला भरीव अ‍ॅक्सल आणि लिफ्ट दोन्ही आहेत, त्यांना हात जोडून एकच सांगणं आहे. थरकाप एकदा जरी, एका क्षणापुरता जरी झाला असेल, तर त्या दिवसापासून गाडी हमरस्त्यावर काढू नका. डॅम्पर विकत घेण्याआधी कुणालातरी स्टेअरिंगवर बसवा, स्वतः खाली आडवे व्हा आणि ट्रॅक बारच्या दोन्ही बोल्टांवर बोट ठेवून पाहा.